गुडघ्यावरचा पट्टा

बारामतीत मी पहिली नोकरी धरली ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. फिजिओथेरपीचं शिक्षण पुण्यात झालेलं, वय चोवीस, आणि आपल्याला बरंच काही कळतं अशी खात्री. हॉस्पिटल छोटं होतं, एका हाडांच्या डॉक्टरांचं. मला दिलेली खोली एक्स-रेच्या मागं होती. तिच्यात एक उंच लाकडी टेबल, भिंतीला अडकवलेली कप्पी, वाळूच्या पिशव्या, धरून चालायला दोन समांतर दांड्या आणि एक डागाळलेला आरसा. फिजिओ म्हणजे काय हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. पेशंट मला 'मालिशवाल्या बाई' म्हणत आणि मी दर वेळी चिडून सांगत असे, की मी मालिश करत नाही. सहा महिन्यांनी सांगायचं सोडून दिलं.

ज्यांना आम्ही पुढं वहिनी म्हणू लागलो, त्या पहिल्यांदा आल्या नवऱ्याच्या पाठुंगळीवर. लासुर्ण्याहून एसटीनं बारामती, स्टँडवरून रिक्षा आणि हॉस्पिटलच्या पायऱ्या अशा. वय पस्तिशीच्या आतबाहेर. सासरचं घर मूळचं मेंढरं राखणारं. सासऱ्यांनी कळप विकून उसाची लागण केली आणि या सुनेनं पडवीत शिलाई मशीन मांडलं. गावात त्यांना 'मशीनवाली' म्हणूनच ओळखत. दोन वर्षांपूर्वी मणक्याला टीबी झाला. वर्षभर औषधं घेऊन टीबी गेला, पण मणक्यात नसा दबल्या होत्या त्यांनी पायांत खोड ठेवली. पायांत जीव होता, थोडी ताकदही होती, पण ते त्यांचं ऐकत नसत. बसल्या बसल्या ताठ व्हायचे. पाऊल जमिनीला टेकलं की टाच थडथड उडायला लागायची.

"आता मला मशीन चालवावं लागत न्हाय, ताई," पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या. "पायडलवर पाय ठिवला की आपसूकच पळतंय. थांबवायचं कसं तेवढं शिकवा."

मी हसले नाही. पुस्तकात वाचलेलं लक्षण डोळ्यांसमोर बघतेय याचाच मला आनंद झाला होता. तेव्हा मी तशी होते.

या ताठरपणाला आम्ही स्पॅस्टिसिटी म्हणतो. तिचं वैशिष्ट्य असं, की पाय हळू वाकवला तर येतो, झटक्यात वाकवला तर मध्येच दार अडकावं तसा अडकतो. ती मोजायची पद्धत म्हणजे आपले हात. पेशंटचा पाय धरायचा, वेगानं वाकवायचा, हाताला अडथळा किती लागला ते बघायचं आणि शून्य ते चार यांतला एक आकडा लिहायचा. मी वहिनींना तीन दिला. डॉक्टरांनी त्याच दुपारी दोन दिला. पुढच्या आठवड्यात मी दोन दिला, डॉक्टरांनी तीन. या आकड्यावर गोळी ठरायची. स्नायू सैल करणारी गोळी होती, ती कमी करायची की वाढवायची हे आमच्या दोघांच्या हातांवर अवलंबून.

तात्या आले ते खांदा घेऊन. माळेगाव बुद्रुकला राहायचे, साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. पन्नाशी ओलांडलेली, टोपी, पांढरा पायजमा, खिशाला टेस्टर. बॉयलरवर आणि साखरेच्या पॅनवर जेवढे काटे हलतात तेवढे सगळे त्यांच्या ताब्यात. उजवा खांदा आखडला होता, हात वर जात नव्हता. त्यांना कप्पीवर बसवून मी शेजारच्या टेबलावर वहिनींचा पाय वाकवत होते. दोरी ओढता ओढता ते बघत होते.

"काय मोजताय?" त्यांनी विचारलं.

"पायाचा ताठरपणा."

"कशानं?"

"हातानं."

"आन् किती भरला?"

"तीन."

"तीन काय? किलो का इंच?"

मी म्हटलं, "नुसता तीन. तसा आकडा असतो."

दोरी सोडून ते माझ्याकडे वळले. "मॅडम, राग मानू नका. कारखान्यात मी जर बॉयलरला हात लावून सांगितलं, की साहेब, प्रेशर तीन हाय, तर साहेब मला गेटाबाहेर काढंल."

वहिनी खळखळून हसल्या. मला भयंकर राग आला. पण तो राग खरं म्हणजे त्यांचं बरोबर होतं म्हणून आला होता, आणि संध्याकाळपर्यंत तो उतरला. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना सांगितलं, की आमच्या पुस्तकात दोन ओळींत एक जुनी पद्धत दिली आहे. पेशंटला टेबलावर मागं टेकवून बसवायचं, गुडघ्याखालचा पाय मोकळा लोंबता ठेवायचा. टाच धरून पाय सरळ करायचा आणि सोडून द्यायचा. निरोगी पाय घड्याळाच्या लंबकासारखा पाच-सहा वेळा हलतो आणि थांबतो. ताठर पाय मध्येच अडकतो. पण हे सगळं इतक्या चटकन होतं, की डोळ्यांनी मोजता येत नाही.

"डोळ्यांनी कशाला मोजायचं?" तात्या म्हणाले. "गुडघ्यावर काटा बसवू की."

पुढचे पंधरा दिवस ते व्यायामाला आले, पण याविषयी अवाक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, विसरले. मग एका सकाळी लूनाच्या हँडलला जेवणाचा डबा अडकवून आले. डब्याचं झाकण उघडलं तर आत भाकरी नव्हती. ॲल्युमिनियमच्या दोन चपट्या पट्ट्या होत्या, एका टोकाला सांधलेल्या, आणि सांध्याच्या जागी रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचं बटण बसवलेलं. एक पट्टी मांडीला, एक पोटरीला, बटण बरोबर गुडघ्याच्या बाजूला. रेडिओचं बटण फिरवलं की आवाज बदलतो, तसा गुडघा फिरला की वायरीतली वीज बदलणार. एवढंच. सांगितल्यावर इतकं सोपं वाटलं, की मला आजवर कसं सुचलं नाही याची लाज वाटली.

"पण ही वीज दिसणार कशी?" मी विचारलं.

"तुमच्याकडं ते काळजाचं मशीन हाय न्हवं? कागदावर रेघ मारतंय ते?"

हॉस्पिटलात नवीन ईसीजी मशीन आल्यापासून जुनं एका कपाटात पडून होतं. तात्यांचा डोळा केव्हाच त्याच्यावर गेला होता. डॉक्टरांना विचारायला आम्ही दोघं गेलो. डॉक्टर सज्जन होते, पण घाबरट.

"पेशंटला करंट बसला म्हणजे?" ते म्हणाले.

"पेशंटला वायर लागतच न्हाय, डॉक्टर. वायर लागती ती पट्टीला. आन् आत सेल हाय तो भिंतीवरच्या घड्याळाचा. त्यानं झुरळ मरायचं न्हाय." मग थोडं थांबून म्हणाले, "पहिलं माझ्या पायाला लावतो. मग तर झालं?"

त्यांनी पायजमा गुडघ्यावर सारला, पट्ट्या दोन फडक्यांनी बांधल्या आणि टेबलावर बसले. मी टाच उचलली आणि सोडली. मशीनची तापलेली सुई कागदावर सरसरली. पहिली रेघ नुसतीच फाटकी आली, कुत्र्यानं ओरबाडल्यासारखी. रेडिओच्या बटणाची खरखर रेघेत उतरत होती. तात्यांनी मान डोलावली, सगळं सोडलं, डब्यात घातलं आणि गेले. चार दिवसांनी दुसरं बटण बसवून आणलं, आत तार गुंडाळलेलं, न खरखरणारं. या वेळी मात्र कागदावर डोंगरांची एक रांग उमटली. पहिला मोठा, दुसरा त्याहून लहान, तिसरा आणखी लहान, असे सहा. शेवटी सपाटी. डॉक्टर वाकून बघत राहिले. मी तर बोटानं मोजत बसले. आपण रोज ज्या पायांवर चालतो ते सोडून दिल्यावर असे अलगद झुलतात, आणि ते झुलणं कागदावर येतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मग वहिनी टेबलावर बसल्या. टाच सोडली. पाय थोडा खाली आला, मध्येच अडकला, एक लहानसा झटका आणि संपलं. कागदावर अर्धा डोंगर, एक टेंगूळ, पुढं सरळ रेघ. वहिनींनी हात पुढं करून दोन्ही कागद मागून घेतले आणि मांडीवर शेजारी शेजारी ठेवले.

"तात्यांच्या पायाची लेस हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या पायाची नुसती टीप."

त्या दिवसापासून आम्ही दर आठवड्याला त्यांच्या पायाची रेघ काढू लागलो. आणि लगेच अडचणीत आलो. एकाच पायाच्या लागोपाठ तीन रेघा तीन तऱ्हेच्या यायच्या. तात्यांनी बटण बदललं, वायर बदलली, ईसीजी मशीन उघडून पुसलं. काही फरक नाही. ते चिडचिडे झाले. कारखान्यात असं कधी होत नाही, तिथं पाइप जाग्यावर असतात, असं म्हणाले. वहिनी हे सगळं दोन आठवडे बघत होत्या.

"तात्या, बोलू का?" एक दिवस त्यांनी विचारलं.

"बोल की, बाय."

"तुमचं यंत्र चांगलं हाय. कापड चुकलंय. मांडी वर जाड, खाली बारीक असती. तुमी फडकं सरळ गुंडाळताय. पाय हालला की ते खाली घसरतंय, आन् पट्टी वाकडी व्हती. ब्लाऊजची बाही कुणी सरळ कापतं का?"

तात्या पट्टीकडे बघत राहिले, मग कपाळाला हात लावून बसले. वहिनींनी पिशवीतून आपली मोजपट्टी काढली. ती बरोबरच असायची त्यांच्या. स्वतःच्या मांडीचा घेर तीन ठिकाणी घेतला, पोटरीचा दोन ठिकाणी, आणि आकडे तिकिटाच्या पाठीवर लिहिले. पायडल चालवणं जमत नव्हतं, म्हणून सगळं हातानं शिवलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी आणलेला पट्टा मी हातात घेऊन किती तरी वेळ उलटसुलट बघितला. बकरम घालून ताठ केलेला, वर रुंद आणि खाली निमुळता. बाजूला ब्लाऊजसारख्या हुकांच्या तीन ओळी, म्हणजे जाड-बारीक कुठल्याही मांडीला बसावा. पट्टी सरकवायला मधोमध शिवलेला कप्पा. आणि आतून अस्तराच्या जागी जुन्या घोंगडीचा तुकडा.

"घोंगडी कशाला?" मी विचारलं.

"टोचती," त्या म्हणाल्या. "पण सरकत न्हाय. घोंगडी खांद्यावरनं कधी घसरलेली बघितलीय का तुमी?"

तो पट्टा बांधून आम्ही लागोपाठ पाच रेघा काढल्या. पाचही एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरल्या, तर जवळजवळ एकच रेघ दिसत होती. तात्यांनी टोपी काढून वहिनींना वाकून नमस्कार केला. चेष्टेत केला, पण पुरता चेष्टेत नव्हता.

आता आमच्या हातात खरा आकडा होता. डॉक्टरांनी तो बघून गोळी वाढवली. पंधरा दिवसांनी पायाचे झोके दीड होते ते अडीच झाले. गोळी आणखी वाढली. साडेतीन झाले. आणखी वाढली. चार. मी त्या रेघा तारखा घालून खोलीतल्या भिंतीवर एकाखाली एक चिकटवल्या होत्या. वरून खाली बघत आलं की डोंगर वाढत जाताना दिसायचे. येईल त्या पेशंटला मी ती भिंत दाखवायची. पुण्याच्या माझ्या सरांना मी चार पानी पत्रही लिहिलं. वहिनी अलीकडे कमी बोलतात, हसत नाहीत, हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी त्यांच्याकडे बघतच नव्हते. मी कागद बघत होते.

मग एका सोमवारी त्या आल्या नाहीत. नवरा एकटाच आला. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. अबोल माणूस, दारातच उभा राहिला.

"पडली," ते म्हणाले. "खाटंवरनं उठायला गेली आन् गुडघं दुमडलं. हाड न्हाय मोडलं. पण म्हणती, आता बारामतीला यायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी तात्यांची कारखान्यातली पाळी दुपारची होती. सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं लासुर्ण्याला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तोडणीला आलेला ऊस उभा होता आणि गाडीत उसाच्याच गप्पा चालल्या होत्या. माझं कशात लक्ष नव्हतं. चूक गोळीची असेल, पट्ट्याची असेल, असं काही तरी मनात जुळवत होते.

वहिनी पडवीत खाटेवर बसल्या होत्या. हनुवटीवर खरचटलेलं, डोळ्याखाली काळं-निळं. शेजारी मशीनवर चादर टाकलेली. सासूबाईंनी पाणी दिलं. मग मीच म्हटलं, "वहिनी, पण रेघ तर चांगली येत होती. पाय सैल झाला होता."

"व्हय, सैल झाला," त्या म्हणाल्या. "पार चिंधी झाला. ताई, तुमी मला कधी इचारलं का, मी उभी कशावर ऱ्हाते?"

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"माझ्या पायात ताकद हाय किती? तुमीच म्हणता, निम्मी. मग मी सकाळी चुलीपाशी उभी कशी ऱ्हायची? तो ताठपणा यायचा, गुडघं आपसूक कुलूप लागल्यागत व्हायचं, आन् त्यावर मी उभी. भाकरी थापायची, कापड टेबलावर अंथरून कातरायची. तो ताठपणा माझी काठी व्हती. तुमी काठीच काढून घेतली आन् भिंतीवर डोंगर लावलं."

त्या रागावून बोलत नव्हत्या. त्यामुळं मला जास्त लागलं. मी अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत राहिले. हे वाक्य माझ्या पुस्तकातही कुठं तरी होतं. ताठरपणा कधी कधी पेशंटच्या उपयोगाचा असतो, असं काही तरी. परीक्षेत मी त्यावर टीपही लिहिली होती. पण समोर बसलेल्या बाईकडून ऐकेपर्यंत मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

तात्या इतका वेळ खाली बघून बसले होते. ते सावकाश म्हणाले, "चूक माझी हाय, बाय. काटा बसवला आन् काटा किती पायजे ते इचारलं न्हाय. बॉयलरचं प्रेशर लई झालं तर धोका, पण उतरलं तर कारखाना बंद. मधी एक खूण असती." मग वर बघून त्यांनी विचारलं, "तुला किती पायजे?"

वहिनी विचारात पडल्या. तो प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता.

"उभं ऱ्हायला ताठ पायजे," त्या हळूहळू म्हणाल्या. "आन् मशीनवर बसल्यावर सैल पायजे. न्हाईतर पाय थडथडतोय, टीप वाकडी जाती."

"म्हणजे दोन्ही पायजे," मी म्हटलं. "ते कसं जमेल?"

"का न्हाय जमणार? दोन्ही एकाच टायमाला कुठं पायजे? सकाळी दहापतोर मी उभी असते. सैपाक, कातरणं सगळं उभ्यानं. दहाच्या पुढं बसूनच काम. मग गोळी सकाळी उठल्यावर कशाला खायची? दहाला खाल्ली तर?"

मी तात्यांकडे बघितलं, तात्यांनी माझ्याकडे. एक डॉक्टर, एक फिजिओ आणि एक मेकॅनिक, तिघांनी मिळून तीन महिने गोळी किती हे ठरवलं होतं. गोळी केव्हा, हे त्या बाईनं खाटेवर बसून पाच मिनिटांत सांगितलं.

डॉक्टरांना मी सगळं आहे तसं सांगितलं. ते बराच वेळ पेन फिरवत राहिले. मग म्हणाले, "ही गोळी एकदम तोडता येत नाही, टप्प्याटप्प्यानं खाली आणू. वेळ त्या म्हणतात तशी ठेवून बघू. आणि मोजायचं तर त्यांच्या घरी मोजा, त्या काम करतात तिथं." जुनं ईसीजी मशीन घेऊन जायला त्यांनीच परवानगी दिली. त्यांच्या घाबरटपणाबद्दल मी मनातल्या मनात बरंच काही बोलत आले होते, ते त्या दिवशी मागं घेतलं.

मग दोन महिने आमचा रविवार लासुर्ण्याला जाऊ लागला. तात्या मशीन गोधडीत गुंडाळून, लूनाच्या पुढच्या जागेत पायांमध्ये उभं धरून आणायचे. वाटेत प्रत्येक खड्ड्याला थांबत. मी एसटीनं. खांदा एव्हाना बरा झाला होता. त्यांना यायचं काही कारण उरलं नव्हतं. घरून रविवारी बाहेर पडायला बोलणी खावी लागतात असं ते म्हणायचे, पण एकही रविवार चुकला नाही.

मोजणीची पद्धत वहिनींनीच बसवली. सकाळी गोळी घ्यायच्या आधी एक रेघ. लगेच त्या उठून उभ्या राहणार, तेही टेबलाला न धरता, आणि एका ब्लाऊजचं कापड कातरून होईपर्यंत उभं राहता येतं का ते बघायचं. मग गोळी. तासाभरानं दुसरी रेघ, आणि मशीनवर बसून एक सरळ टीप मारायची. लाईट कधी असायची, कधी नसायची. नसली की आम्ही पडवीत बसून शेंगा खायचो आणि ती यायची वाट बघायचो. प्रत्येक रेघेखाली मी झोके लिहायची आणि वहिनी स्वतःच्या अक्षरात एक शब्द लिहायच्या. 'दोर', 'वादी', 'नाडी', 'चिंधी'. पाय किती ताठ वाटतोय त्याचे ते त्यांचे शब्द होते: दोर सगळ्यात ताठ, मग चामड्याची वादी, मग नाडी, आणि चिंधी सगळ्यात सैल. पहिल्या दोन रविवारी मी ते शब्द गमतीनं घेतले. तिसऱ्या रविवारी वही चाळताना दिसलं, की ज्या रेघेला दोन झोके तिथं कायम 'वादी' आहे आणि जिथं तीनच्या वर तिथं 'नाडी'. आणि हे शब्द त्या रेघ निघण्याआधी लिहीत, बघून नाही.

"तुम्हाला आधीच कसं कळतं?" मी विचारलं.

"पाय माझा हाय न्हवं?" त्या म्हणाल्या.

गोळी उतरत उतरत जवळजवळ निम्म्यावर आली, तेव्हा एका रविवारी सकाळी पावणेदोन झोके आले. वहिनी उठल्या. टेबलावर हिरवं कापड अंथरलं, खडूनं खुणा केल्या आणि कातर चालवली. आम्ही गुडघ्यांकडे बघत होतो, त्या कापडाकडे. मागचा भाग, पुढचा भाग, दोन बाह्या. सगळं कातरून झाल्यावर त्यांनी तुकडे एकावर एक ठेवले, मग सावकाश खाटेवर बसल्या आणि गोळी घेतली. तासाभरानं तीन झोके. मशीनवरची चादर दादांनी काढली. वहिनींनी पाय पायडलवर ठेवला. मी वाट बघत होते, आता थडथडेल. नाही थडथडला. त्यांनी चाकाला हातानं एक हिसका दिला, पाय दाबला आणि मशीन सुरू झालं. अडखळत, थांबत, पण त्यांच्या मर्जीनं. हातभर टीप मारून त्यांनी दोरा तोडला आणि कापड तात्यांकडे दिलं.

तात्यांनी ते डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. "सरळ हाय," ते म्हणाले. उठून ते अंगणात गेले आणि उगाचच लूनाचा प्लग काढून पुसत बसले.

पुढची काही वर्षं मी बारामतीत होते. आणखी सात-आठ पेशंटना आम्ही तो पट्टा बांधला. पक्षाघाताचे काही, डोक्याला मार लागलेला सुप्याचा एक ड्रायव्हर, जन्मापासून पाय ताठ असलेली एक मुलगी. मुलीसाठी वहिनींनी छोटा पट्टा शिवला आणि घोंगडीऐवजी आत मऊ फलालीन लावली, कारण मुलं टोचलेलं सहन करत नाहीत. प्रत्येक वेळी पट्टा बांधायच्या आधी मी विचारू लागले, की तुम्ही दिवसभर काय करता आणि कशासाठी ताठ लागतं, कशासाठी सैल. काही जण चक्रावून बघायचे. काही जण तासभर बोलायचे. त्या बोलण्यातून पुष्कळदा पट्टा बांधायची गरजच संपायची.

वहिनी धावू लागल्या, नाचू लागल्या असं काही झालं नाही. काठी घेऊन घरात आणि अंगणात चालायच्या, लांब जायचं तर दादांच्या सायकलवर. पण पडवीतलं मशीन पुन्हा सुरू झालं. शाळा उघडायच्या सुमाराला तर गणवेशांचा इतका ढीग असायचा, की मी गेले तर बसायला जागा नसे आणि त्या मान वर न करता म्हणायच्या, "ताई, आज बोलायला टाइम न्हाय, काजं करून देत असाल तर थांबा." मी थांबायची. माझी काजं त्यांना कधीच पसंत पडली नाहीत.

दशक संपता संपता लग्न होऊन मी बारामती सोडली. आता माझ्याकडे येणाऱ्या तरुण मुलामुलींजवळ नाण्याएवढे सेन्सर असतात. ते चिकटवले की पायाची प्रत्येक हालचाल पडद्यावर येते, वायर नाही, कागद नाही. मी ते कौतुकानं बघते आणि वापरतेही. पण मला वाटतं, साखर कारखान्यातला एक माणूस आणि पडवीत ब्लाऊज शिवणारी एक बाई यांनी जेवणाच्या डब्यातून जे उभं केलं, त्यात यातलं बरंचसं होतं. तात्या सातवी शिकलेले. वहिनी चौथी. त्यांच्याइतकं नीट मोजणारी आणि मोजलेल्यावर शंका घेणारी माणसं मला पुढं फार थोडी भेटली.

मी गेल्यावर वर्षभरानं तात्यांचं एक पोस्टकार्ड आलं होतं. अक्षर बारीक, ओळी सरळ. मायना, तब्येतीची चौकशी, आणि मग लिहिलं होतं: "काळजाच्या मशीनचा कागद आता मिळत नाही, त्यामुळं मोजणी बंद हाय. मी नवीन काही तरी जुळवतो म्हणालो, तर बाय म्हणाली, तात्या, राहू द्या, मला कळतंय. दिवाळीत माझ्यासाठी तिनं शर्ट शिवला. मी माप दिलं नव्हतं. नुसतं बघून शिवला. खांद्यात अगदी बरोबर बसला हाय."